पाणी दिसलं की हात आवरत नाही

९ ऑक्टोबर

झालं एकदाचं! ठिबकच्या नळ्या अंथरून झाल्या. सव्वा एकरात काळ्या रेघाच रेघा. लेक भक्ती म्हणते, आपलं रान दुरेघी वहीसारखं दिसतंय.

सकाळी सोलारची मोटार चालू केली. ऊन वर आलं तसं विहिरीतलं पाणी वर आलं. लाइटची वाट बघणं नाही, रात्रीची बॅटरी घेऊन साप-किरडातून जाणं नाही. मी आणि हे नळीच्या टोकाशी उकिडवे बसून पहिल्या थेंबाची वाट बघत होतो. आला. एक थेंब. मग थांबला. मग दुसरा. यांनी माझ्याकडे बघितलं, मी यांच्याकडे, आणि दोघांनाही हसू फुटलं. एवढे अर्ज, जिंतूरला एवढे हेलपाटे, आणि हाती काय? थेंब!

सासूबाई बांधावर उभ्या होत्या. कमरेवर हात. म्हणाल्या, "ह्ये पानी हाय, का कुनी रडायलंय?"

११ ऑक्टोबर

मिरचीची रोपं लावून झाली. पाठ मोडली. पण आज लिहायचं ते वेगळंच.

आज यांच्याशी बोलून टाकलं. म्हणजे मीच बोलले, हे तंबाखू मळत होते. दरवर्षी दिवाळी झाली की हे चंद्रभान काकांच्या तळाबरोबर, म्हणजे मेंढपाळांच्या ताफ्याबरोबर, मेंढरं घेऊन वऱ्हाडात जातात, ते मिरगाला परत. काका यांचे सख्खे चुलते. मामंजी गेल्यापासून तळ तेच चालवतात. लग्नाला तेरा वर्षं झाली आमच्या. वर्षाचे पाच महिने हे घरी. सगळे जोडले तर आमचा संसार साडेपाच वर्षांचासुद्धा भरत नाही! भक्ती लहान असताना दर मिरगाला बापाला बघून रडायची. कोण हा माणूस म्हणून.

मी म्हणाले, "मिरची साधली तर यंदा जायचं नाही."

"आन् न्हाई साधली तर?"

"तर जा. मी अडवणार नाही."

हे लगेच काकांना फोन लावून बसले. काकांचं बोलणं सरळ असतं. म्हणाले, "सक्रांतीपोतर मी रेटतो, मल्हार. तुझी मेंढरं बी नेतो. मिरची पिकली तर तू ऱ्हा घरी, मी तुझ्या जागी गडी लावतो, त्याची मजुरी तू दे. न्हाई पिकली तर काठी घे अन् ये. उन्हाळ्यात मला एकट्याला झेपायचं न्हाई."

तर संक्रांत. तेवढी मुदत आहे. देवा खंडोबा, मी तुझ्याकडे कधी मोठं काही मागितलं नाही. आता मागते आहे.

१७ ऑक्टोबर

सगळी रोपं जगली. सासूबाई रोज येऊन नळीकडे बघतात आणि मान हलवतात.

२ नोव्हेंबर, पाडवा

मेंढरांना ओवाळलं. शिंगं रंगवली. भक्तीनं एका मेंढीला स्वतःची रिबीन बांधली, ती दुसऱ्या मेंढीनं खाल्ली. पुरणपोळी बरी झाली होती. हे दिवसभर मेंढरातच. पाठी चाचपतात, खूर बघतात, कानात काहीबाही सांगतात. मला वाटलं, दोन महिन्यांसाठी निरोप देताहेत. देऊ देत.

६ नोव्हेंबर

तळ निघाला. चार घोडी, त्यांवर बिऱ्हाड, कुत्री, डालीत कोंबड्या आणि दीडशे मेंढरं. त्यातली चाळीस आमची. हे फाट्यापर्यंत पोचवायला गेले. मी दारात उभी, दरवर्षीसारखा पदर डोळ्याला लावायच्या तयारीत. आणि मग आठवलं — हे परत येणार आहेत! मिरगाला नाही, तासाभरात!

आले. पायावर पाणी घेतलं, चहा मागितला. दिवाळी सरल्यावर या घरात यांनी चहा मागितलाय, असं कधी झालंच नव्हतं. मी दोनदा साखर टाकली. यांनी तक्रार केली नाही.

१९ नोव्हेंबर

वरच्या अंगाच्या सहा ओळी माना टाकतायत. मोटार चालू, विहिरीत पाणी, ऊनही चांगलं. मग वर पाणी का पोचत नाही? नळ्या बघितल्या, गाळणी धुतली. खालच्या ओळी मात्र कशा मस्त ताठ! तिथं तर चिखल होतो कधीकधी. जिंतूरच्या ठिबकवाल्याला फोन केला. परवा येतो म्हणाला. त्याचा परवा म्हणजे कधी, ते त्यालाच ठाऊक.

जेवण गेलं नाही.

२२ नोव्हेंबर

ठिबकवाला आला. विहिरीजवळच्या पहिल्याच ओळीत दहा पावलं गेला, थांबला, नळी उचलली. म्हणाला, "वहिनी, ही भोकं कुणी पाडली?"

बघितलं तर हातभर अंतरावर एकेक भोक. दुसऱ्या ओळीत तसंच. तिसरीत तसंच. खालच्या अकरा ओळींची चाळण झालेली! सगळं पाणी तिथंच कारंज्यासारखं उडून जातंय, वर पोचेल कुठून?

मला वाटलं उंदीर. उंदीर कुठले! सासूबाई बांधावरूनच म्हणाल्या, "मी पाडली. दाभनानं."

गोण्या आणि घोंगड्या शिवायचं दाभण! रोज दुपारी आम्ही भाकरी खायला घरी गेलो, की या बाई एकट्या रानात जाऊन नळ्यांना टोचायच्या.

"अगं, कवळी लेकरं हायत ती! कोकरू बी आचळाला ढुशी देऊन गटागटा पितंय. थेंबथेंब पाजून कुनी लेकरू वाढवलंय का?"

माझी जीभ सुटली. नको ते बोलले. "आत्याबाई, तुम्हाला तुमच्या लेकाला वऱ्हाडात धाडायचंय का? मग सरळ सांगा ना, नळ्या कशाला फोडता!" हे मध्ये पडले नाहीत. सासूबाईंनी मान खाली घातली. मान खाली घातलेलं मी त्यांना तेरा वर्षांत बघितलं नव्हतं.

ठिबकवाला मात्र शहाणा निघाला. त्यानं भांडणात लक्ष घातलं नाही. एका चांगल्या नळीखाली खुरप्यानं वीतभर माती उकरली. वरून कोरडी खडखडीत, आणि खाली काळी, मऊ. मूठभर घेऊन सासूबाईंच्या हातावर ठेवली. त्यांनी दाबली, गोळा झाला. बोटानं टिचकी मारली, फुटला. पुन्हा दाबली. पुन्हा फोडली.

"ह्यो तर पेरनीचा वापसा हाय."

"हां आजी."

"रोज?"

"रोज. जमीन ना ओली, ना कोरडी. मुळाला पाणीबी मिळतं अन् हवाबी."

सासूबाई तिथंच मातीत बसल्या. पेरणीला असा वाफसा यावा म्हणून जन्मभर आभाळाकडे बघितलेली बाई ती. मग म्हणाल्या, "मंग ह्ये आदी कामून न्हाई सांगितलं मला? मला नुस्ते थेंब दावले."

खरं आहे. आम्ही त्यांना वरचे थेंब दाखवले होते. खालची माती दाखवायचं कुणालाच सुचलं नाही.

२३ नोव्हेंबर

भोकं बुजवली. काही ठिकाणी नळी कापून जोडली. वरच्या ओळींना सकाळी पाणी पोचलं. मी सासूबाईंच्या पाया पडले, कालच्या बोलण्याबद्दल. त्या म्हणाल्या, "पाया पडू नगंस, त्ये दाभन तेवढं लपवून ठिव. माझा भरवसा न्हाई."

कुठं लपवलं ते लिहीत नाही. त्यांना वाचता येत नाही, पण भक्तीला येतं, आणि भक्ती आजीच्या पार्टीतली आहे!

५ डिसेंबर

सहापैकी पाच ओळी सावरल्या. फुलं, आणि फुलांखाली बोटाएवढ्या मिरच्या. रानातून हलावंसं वाटत नाही.

१० डिसेंबर

पहिला तोडा. हे आणि मी जिंतूरला घेऊन गेलो. अडत्या व्यंकटराव. गोड माणूस! आधी चहा पाजला, घरच्यांची चौकशी केली, आणि मग मान कापली. किलोला अठरा. वर पोत्यामागं दोन किलो कडता, वजनातून सरळ कापलेला.

मी विचारलं, "कडता कशाचा?"

"ओलाव्याचा, वहिनी."

हिरवी मिरची ओलीच असते की हो! वाळवून आणली तर म्हणाल रंग गेला! पण बोलले नाही. परत न्यायला गाडीभाडं कुठलं? पोती उतरलेली होती. हे येताना एवढंच म्हणाले, "यवढ्यात गडी न्हाई लागायचा." मीही तोच विचार करत होते. एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत बसले.

१३ डिसेंबर

चारठाण्याला गेले होते, रेणुकाताईंकडे. बाई माझ्याच वयाची असेल, पण तिच्या अंगणात तराजू, क्रेट आणि दोन छोटे टेम्पो! बावीस घरांचा गट केलाय त्यांनी. आठवड्यातून दोनदा गाडी भरून थेट हैदराबादला. तिकडचा मोठा व्यापारी फोनवर भाव सांगतो, माल पोचला की पैसे खात्यात. कडता नाही.

मी म्हणाले, आमचा माल घ्याल का? त्या हसल्या. "घेते. पन माल ताजा दिसला पायजे. तिकडं गोनी उघडताच बघतेत."

ताजा तर दिसेलच! माझ्या रानातली मिरची आहे.

१८ डिसेंबर

दुसरा तोडा हैदराबादला रवाना!!

नऊ गोण्या. निघताना प्रत्येक गोणीवर दोन-दोन तांबे पाणी शिंपडलं. हिरव्यागार, लकाकणाऱ्या. बाजारात बसणारी कुठलीही बाई हेच करते. मेथी असो, वांगी असो, पाण्याचा हबका मारला की माल कसा जिवंत दिसतो. टेम्पो वळेपर्यंत मी बघत उभी होते. लेक सासरी धाडताना असंच होत असेल.

२० डिसेंबर

सडली.

रेणुकाताईंचा फोन आला. नऊपैकी सहा गोण्या उघडल्या तर वास. ताडपत्रीखाली रात्रभर, दिवसभर ओली मिरची उबली, काळी पडली, बुरशी धरली. व्यापारी म्हणाला, या गावचा माल परत नको. म्हणजे माझ्यापायी बाकीच्यांचंही नाव गेलं.

"पानी कुनी मारलं?" त्यांनी विचारलं.

"मीच."

त्यांनी फोन ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ओसरीवर डोकं धरून बसले. सासूबाई आल्या, शेजारी बसल्या. मला वाटलं आता दाभणाचं उट्टं काढणार. हक्कच होता त्यांचा. पण त्या म्हणाल्या, "मी भोकं पाडली, तू तांब्या वतला. दोघी एकीला झाकावं अन् दुसरीला काढावं. कोरड्या गावच्या बाया आपुन, शीला. पानी दिसलं की हात आवरत न्हाई आपला."

रडता रडता हसले. मग पुन्हा रडले.

२१ डिसेंबर

यांनी सकाळी खुंटीवरची घोंगडी काढली आणि उन्हात टाकली. वऱ्हाडात जाताना नेतात ती घोंगडी. विचारायचं काय आहे त्यात? मी दिवसभर त्या घोंगडीच्या बाजूनं गेले नाही. पाण्याला लांबून गेले.

मला हे घरी हवे आहेत. हे वाक्य मी आजवर कुणाला बोलून दाखवलेलं नाही. बाईनं असं म्हणायचं नसतं म्हणे. वहीला काय, वही कुणाला सांगत नाही.

२६ डिसेंबर

पुन्हा चारठाणा. लाज गुंडाळून गेले. रेणुकाताईंना म्हणाले, गट सोडायला सांगितलात तरी चालेल, पण माझं काय चुकलं ते नीट शिकवा.

त्यांनी आधी पोटभर सुनावलं, मग पोटभर जेवू घातलं. आणि मग शिकवलं. दव उडाल्याशिवाय तोडायची नाही. देठासकट तोडायची. सावलीत पातळ पसरून तासभर गार होऊ द्यायची. लाल झालेली, वाकडी, किडकी बाजूला. वर चांगला आणि खाली खराब माल असं करायचं नाही, गोणी कुठूनही उघडली तरी सारखीच दिसली पाहिजे. आणि पाणी — पाण्याचं नाव काढायचं नाही!

"त्या व्यापाऱ्याला मी सांगितलंय," त्या म्हणाल्या, "ह्या बाईचा माल एक डाव अजून बघा. जिम्मा माझा. आता तू माझं नाक काप न्हाई तर राख."

त्यांचंही नाक, माझाही संसार. दोन्ही एका टेम्पोत.

३० डिसेंबर

तोडा. दहा वाजेपर्यंत कुणाला रानात पाऊल टाकू दिलं नाही. मजूर बाया कुरकुरल्या, "आवं, उन्हात तोडायचं का आमी?" वीस रुपये वाढवून दिले, तेव्हा कुठं गप्प.

लिंबाखाली ताडपत्री, त्यावर मिरची पसरलेली. राखणीला सासूबाई, हातात काठी. पाण्याची कळशी त्यांनी बांधाच्या पलीकडे नेऊन ठेवली. एक बाई बाटली घेऊन ताडपत्रीजवळ आली, तर तिच्या अंगावर धावून गेल्या. "तिकडं जाऊन पी! थेंब सांडला तर बघ!" ती बिचारी घाबरून पळाली. मला इतकं हसू आलं की मिरची पसरायची राहून गेली.

यांनी एकेक मिरची हातात घेऊन निवडली. मेंढरांची निवड करतात तशीच. ही चालेल, ही नाही, ही आजारी.

२ जानेवारी

एक्केचाळीस!!!

अठराची मिरची एक्केचाळीसला! एकही गोणी बाजूला काढली नाही. व्यापारी रेणुकाताईंना म्हणाला, ही बाई कोण? हिचा माल पुढच्या खेपेलाही धाडा. ताईंनी फोनवर मला तीनदा सांगितलं आणि मी तीनदा विचारलं. पैसे तासाभरात खात्यात. मोबाइलवरचा मेसेज यांच्याकडून वाचून घेतला. मला वाचता येतं, पण यांच्या तोंडून ऐकायचा होता.

अंगातून काहीतरी निघून गेल्यासारखं झालं. भर दुपारी झोपले. कधी झोपत नाही मी.

९ जानेवारी

दुसरी गाडीही चांगल्या भावानं गेली.

आज यांनी काकांना फोन लावला. मी चुलीपुढे भाकरी थापत होते, कान मात्र ओसरीवर. "काका, गडी बघा तुमी. मजुरी मी देतो… हां, मिरगापोतर… हां. मी न्हाई येत यंदा."

मी न्हाई येत यंदा!

भाकरी करपली. पुरती काळी. तीच यांच्या ताटात गेली, यांनी मुकाट खाल्ली. मी म्हणाले, दुसरी टाकते. हे म्हणाले, "ऱ्हाऊ दे. चांगली लागायली."

१४ जानेवारी, संक्रांत

लग्नानंतरची पहिली संक्रांत, जेव्हा तिळगूळ यांच्या हातावर ठेवला. दरवर्षी फोनवरच गोड बोलायचो.

हळदीकुंकवाला बाया जमल्या. नाव घ्या, नाव घ्या! मागच्या तेरा वर्षांत मी घाईघाईत जुनंच घेऊन टाकायचे. यंदा रानात तोडताना नवं जुळवलं होतं —

थेंब थेंब पाण्यानं हिरवं झालं रान,
मल्हाररावांचं नाव घेते, घरधनी घरात छान!

काय हसल्या बाया! एक म्हणाली, "आता सवय लावू नगंस गं, घरात बसला की गडी लय किरकिर करतो." करू दे की! मला किरकिर ऐकायची आहे. हे परसात लपून ऐकत होते, कान लाल.

६ फेब्रुवारी

तोड्यावर तोडा. गटातली घरं आता तीस झाली. विहिरीत अजून आठ पुरुष खोल पाणी! गेल्या वर्षी या दिवसात तळ दिसत होता. तीच विहीर, तेवढाच पाऊस. पाटानं सोडायचो तेव्हा अर्धं पाणी बांधच प्यायचा.

आज व्यंकटरावांचा फोन. "वहिनी, आमच्याकडं बी येऊ द्या की माल. कडता न्हाई लावत." मी म्हणाले, आधी चहा प्यायला या.

ठिबकचा व्हॉल्व्ह आता फक्त सासूबाई फिरवतात. कुणी हात लावायचा नाही. सकाळी रानात जायचं, मूठभर माती उकरायची, दाबायची, फोडायची, मग ठरवायचं किती वेळ सोडायचं. चुकत नाहीत. ठिबकवाल्यानं दिलेला पाण्याच्या वेळांचा कागद मी फाडून टाकला.

२३ फेब्रुवारी

सगळं ठीक आहे. कसलीच काळजी नाही, हे लिहायलाही बरं वाटतं. भक्ती बापाच्या मागंपुढं असते, गणितं त्यालाच विचारते. यांना येत नाहीत, पण दोघं मिळून चुकतात.

हे मात्र अंगणात झोपतात. थंडी असली तरी. म्हणतात, घरात जीव गुदमरतो. सवयीचं होईल हळूहळू.

११ मार्च

आज जरा भांडले. फाट्यावर कुणाचातरी तळ उतरला होता, जालन्याकडचा. हे "आलोच" म्हणून गेले ते तीन तासांनी आले. अंगाला मेंढरांचा वास, आणि चेहरा — काय सांगू! महिन्याभरात असा चेहरा बघितला नव्हता. एक मेंढी अडली होती म्हणे, यांनी सोडवली. दोन कोकरं झाली. हात करून करून सांगत होते.

माझं डोकं फिरलं. मिरची एक्केचाळीसला गेली तेव्हा एवढा आनंद झाला नव्हता या माणसाला! मी म्हणाले, "इथं कोंडून ठेवलंय का तुम्हाला कुणी?"

"न्हाई गं. बरं हाय."

बरं हाय. तेरा वर्षं फोनवर हेच ऐकलंय. ताप असला तरी बरं हाय, मेंढी मेली तरी बरं हाय. मला खरं-खोटं ओळखता येतं आता.

१२ मार्च

हे आज रानातच. दिवसभर मिरची तोडत होते. काम चोख करतात, त्यात खोट नाही.

४ एप्रिल

दुपारी लिंबाखाली मी आणि सासूबाई मिरची निवडत होतो. हे लांब, ओळीच्या टोकाला उभे. काही न करता. आभाळाच्या कडेला बघत.

सासूबाई म्हणाल्या, "ह्येचा बाप बी आसाच उभा ऱ्हायचा, घरी आसला की."

"तुम्ही जायचात ना मामंजींबरोबर?"

"मंग! मल्हार तळावरच झालाय माझा. तीन दिसात उठून चालायला लागले." आणि मग माझ्याकडे न बघता, "तू कवा तळ बघितलास का गं?"

"नाही. मला कुणी चला म्हणालंच नाही."

त्यांनी दोन किडक्या मिरच्या बाजूला टाकल्या. मग हळूच म्हणाल्या, "शिकलेली सून, झेपायचं न्हाई म्हनून आमीच ठरवून टाकलं. तुला इचारलं न्हाई." व्हॉल्व्ह बंद करायची वेळ झाली होती. उठल्या आणि गेल्या.

२२ एप्रिल

शेवटचे एक-दोन तोडे राहिलेत. भाव उतरलाय, पण आता काय, हंगाम पोट भरून गेला. गड्याची मजुरी मिरगापर्यंतची देऊन टाकली. पुढच्या हंगामाची रोपं सांगून ठेवली. छपराला नवे पत्रे, भक्तीला सायकल. रेणुकाताई म्हणतात, पुढच्या वर्षी तू इतर बायांना शिकव, कारण चुकायचं कसं ते तुलाच नीट ठाऊक!

भक्तीची परीक्षा संपली. सुट्टी लागली.

सासूबाई आज सकाळपासून मला सारखं सांगतायत, रानाचं मी बघते, रानाचं मी बघते. मी काही विचारलंच नव्हतं!

५ मे

तळावर. रान सासूबाईंवर सोडून मेहकरपर्यंत एसटीनं आलो तिघं, पुढं पायी. या गावाचं नाव अजून विचारलं नाही.

दिवसभर चालले. टाचांना फोड आलेत. भक्ती घोडीवरून उतरायला तयार नाही. हे कळपापुढे चालतात, शीळ घालतात आणि सगळी मेंढरं वळतात. मागं वळून मला हाका मारतात, हे झाड बघ, ती बारव बघ, इथं मागच्या साली गारपिटीत सापडलो होतो, इथं तुला फोन लावायचो. सहा महिन्यांत घरी एवढं बोलले नव्हते.

तेरा वर्षं मी म्हणत आले, हे घरी नसतात. हे घरीच होते. मीच नव्हते.